स्थळपाहणीत आढळलेल्या राखेबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
जलवाहिनी परवाना व वणवा प्रतिबंध कक्ष,
डोंगरपट्टा विभाग, जि. हिंगोली.

विषय : कै. हरिचंद पेमा आडे यांच्या पाइपलाइनच्या स्थळपाहणी अहवालातील दोन वाक्यांपैकी एक दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : आपले दि. २ एप्रिल २०२५ चे पत्र, ‘प्रकरण निकाली’.

महोदय,

संदर्भातील पत्र अर्जदाराच्या नावे आले. अर्जदार हयात नसल्याने ते त्यांच्या मुलीने फोडले, याबद्दल क्षमा असावी.

१. अर्जदार हरिचंद आडे, रा. पळसमाळ तांडा, यांनी डिसेंबर २०२३ मध्ये परवानगी मागितली होती. तांड्याच्या आणि विहिरीच्या मधून जाळरेषा जाते. वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळी ठेवलेली ही पट्टी. तिच्यावरून तीनशे फूट पाइप आणून तांड्याच्या कडेला एक नळ बसवायचा, म्हणजे वणवा आला तर पाणी हाताशी राहील, एवढीच मागणी होती.

२. आपल्या आवक शाखेने ‘जाळरेषा’ या शब्दातले जाळे तेवढे वाचले आणि अर्ज मासेमारी पाहणाऱ्या शाखेकडे पाठवला. पाच महिन्यांनी उत्तर आले : ‘तांड्यात तलाव नसल्याने जाळे टाकण्यास परवानगी देता येत नाही.’ अर्जदाराने ते पत्र तांड्यात सर्वांना वाचून दाखवले. त्या दिवशी तांडा पुष्कळ हसला, याची नोंद व्हावी. कक्षाकडून मिळालेला हा एकमेव लाभ आहे.

३. दुसऱ्या अर्जावर कळवण्यात आले की, वणवाप्रवण क्षेत्रात प्लास्टिकचा पाइप चालत नाही, तो वितळतो. अर्जदाराने लोखंडी पाइपची तयारी दाखवली. लोखंडीही चालत नाही, जोडताना ठिणगी उडते. पाइप जमिनीत पुरतो म्हणाले, तर जाळरेषेत खोदकामास मनाई आहे. शेवटी ‘सदर क्षेत्रात आग लागत नाही’ असा दाखला मागण्यात आला. तो मिळाला असता तर नळ कशाला हवा होता, हे विचारण्यास अर्जदार स्वतः आले होते. तेव्हाचे संभाषण पत्नी जनकाबाई यांच्या समक्ष झाले, ते असे :

‘काका, आग लागली की कळवा. लगेच नोंद घेऊ.’

‘साहेब, आग काय टपालानं येऊन राहिली व्हय?’

४. दि. १८ मार्च रोजी दुपारी आग आली. अर्जदाराने आधी लेकरे आणि शेळ्या बाहेर काढल्या. मग पळसाच्या ओल्या फांद्यांनी जाळ झोडपत राहिले. विहीर तीनशे फुटांवर होती. धुरात ते तिथपर्यंत पोचले नाहीत.

५. दि. १९ रोजी त्यांना त्यांच्याच बांधावर, पाइप जिथून निघणार होता तिथे, अग्नी दिला. जाळरेषेवरून पाणी आणायला पंधरा महिने पुरले नाहीत. जाळ न्यायला कोणी दाखला मागितला नाही.

६. दि. २० रोजी आपले पथक स्थळपाहणीस येऊन गेले. घरी कोणाला कळवले नाही. राख दुसऱ्या दिवशी सावडायची होती. अहवालात लिहिले आहे :

‘नियोजित जागेवर राख आढळून आली. अर्जदार आढळून आला नाही, सबब त्यास पाण्याची गरज नसावी.’

महोदय, ही दोन वाक्ये एकत्र खरी असू शकत नाहीत. पहिले बरोबर आहे. दुसरे दुरुस्त करून ‘अर्जदार जागेवर हजर होता’ असे लिहावे, आणि प्रकरण पुन्हा उघडून परवाना मुलीच्या नावे द्यावा. तांडा तिथेच आहे, गवत पावसाळ्यात पुन्हा वाढेल.

यापुढील पाहणीस ती हजर राहील. कृपया या वेळी जरा आधी यावे.

आपली नम्र,
शिला हरिचंद आडे
पळसमाळ तांडा, दि. ९ एप्रिल २०२५

सोबत :
१. मृत्यूचा दाखला.
२. मासेमारी नाकारल्याचे पत्र (मूळ प्रत परत मिळावी, ती वडिलांच्या आवडीची होती).
३. नवा अर्ज. ‘पाइप कशाचा’ हा रकाना आपल्यासाठी कोरा ठेवला आहे.