लाल दिवा काही हिरवा व्हईना

लोणी, मंगळवार, रात्री

दिनेश, नातवा, माझ्या रोजनिशीचं हे पान म्या सांगतीय आन तुझी आई लिहून तुला मोबाईलवर धाडतीय. वाचशील आन इसरशील, खोडच हाय तुझी.

आज लाईट गेली. आज्ज्याचं श्वासाचं मशीन सोलरच्या बॅटरीवर चाललं, आन बॅटरी सरत आली म्हणून तिच्या डब्यावर लाल दिवा लागला. फोन केला तर तू पुण्यातनं म्हणतोस, "आजी, मोबाईलवर बॅटरी फुल दिसतीय."

दिसंलच! लाईटीबरोबर वायफाय गेलं, तुला लाईट जायच्या आधीचीच बॅटरी दिसली. वायफायची पिन बॅटरीच्या बोर्डात लावायची तूच इसरलास. आज आईनं लावली.

बॅटरी वाचवाया म्या फ्रिज बंद केला. आता लाईट आलीय, पर बॅटरी उन्हावरच भरती, म्हणून दिवा लालच. परत गेली तर? म्हणून फ्रिज बंदच ठेवलाय. आज्जा म्हणतो, "झोप गं." कशी झोपू?

बघ, आता तुला बी लाल दिसंल. आन तू धाडणार हाईस ते पेढे नको, फ्रिजबिगर नासतील. शेंगदाण्याचे लाडू पाठव.