अण्णांच्या लेखांची मूळ प्रत

अण्णा, क्षारपड जमिनीवरचे तुमचे लेख कॉलेजच्या वेबसाइटवर जाऊन बरीच वर्षं झाली. कुणीही, कुठूनही वाचावेत. हे काम मी नाही केलं, तुमच्या बिद्रीकडच्या विद्यार्थिनीनं केलं. तुम्ही गेल्यावर ती तिथंच विभागप्रमुख झाली.

नव्वद सालानंतरचे ते रविवार. ती आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली असते. मुलगी असून ‘आलो-गेलो’ बोलते आणि तुम्हाला त्याचंच कौतुक. “जेवलीस काय गं?” तुम्ही मोठ्यानं विचारता. “न्हाय की सर. माती आणाय गेलतो, तसाच आलो.” “मग बस. ताटात टाकलंस तर मार्क कापीन.” दोघंही हसता. आतल्या खोलीत मी तुमचाच लेख टाइप करत असते. मग तुम्ही माझ्या दारात येता, आवाज खाली उतरतो, आणि स्पेलिंग तपासलंस का, हे इंग्रजीत विचारता. घरी इंग्रजी बोला, असं माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी सांगितलं होतं. माझी शाळा कधीच संपली, तरी तुम्ही ते पाळत राहिलात, अडखळत, जपून. त्यात माया होती हे आज कळतं. तेव्हा वाटायचं, खरे अण्णा तिच्या वाट्याला आले.

तुम्ही गेल्यानंतर एक दिवस तिचा फोन आला. “ताई, छापलेली पानं वेबसाइटवर टाकता येत न्हाईत, त्यो हक्क मासिकाचा. पर सरांनी मासिकाला धाडलेली मूळ प्रत ठेवली तर चालतंय. फ्लॉपी हाय न्हवं तुमच्याकडं?”

“बघते,” मी म्हणाले.

“लौकर बघा की. फ्लॉपीला बुरशी धरती. सर ऱ्हायला पायजेत.”

तुम्ही राहायला पाहिजेत, हे तिनं मला सांगावं? खराब झाली म्हणून कळवायचं, असं मी ठरवूनच टाकलं. चार दिवस फ्लॉपी कपाटातून काढली नाही. मग एकदा वाचून तरी बघावं म्हणून शेवटच्या लेखाची फाइल उघडली. खाली तिचे आभार होते, उन्हातान्हात नमुने गोळा केल्याबद्दल. ती ओळही मीच टाइप केलेली. बाकीच्या फाइली उघडल्या. माझं नाव कुठंच नव्हतं.

फ्लॉपी दिली मी. पण देण्याआधी त्या शेवटच्या लेखात तुमच्या वतीनं एक ओळ घातली, सगळे लेख टाइप करणाऱ्या मुलीचे आभार मानणारी. तिचं नाव काढलं नाही, अण्णा. माझं फक्त आधी घातलं.