नऊ मिनिटांची शरणागती

सोमवार, ४ तारीख
आज नव्या कामावर रुजू झाले. खोली कोरडी, भिंती जाड, खिडकी एकच. आवाजाच्या कामाला याहून चांगली जागा मिळणं कठीण. मन प्रसन्न झालं, हे नोंदवून ठेवते, कारण तसं वारंवार होत नाही.
या घरातले गुरुजी गेल्या वर्षी वारले. शरणागतीची प्रार्थना कशी म्हणायची, हे त्यांनी एका टेपवर सांगून ठेवलंय. ती टेप स्वच्छ करायची, मग प्रार्थना माझ्या आवाजातही ध्वनिमुद्रित करायची. फाइल शनिवारी दहाला सहाशे शिष्यांच्या फोनवर जाईल. गुरुजींच्या पत्नींना सगळे काकू म्हणतात. चहा देताना त्या म्हणाल्या, यंत्राला भाव कळत असता तर देवाने माणूस कशाला घडवला असता. टोमण्यांना उत्तर द्यायची मला सवय नाही. चहा चांगला होता.

मंगळवार, ५
टेप चाळीस मिनिटांची. ओळी पाचच: पाय तुझे. वाणी तुझी. डोळे तुझे. हात तुझे. मी तुझा. अशी एकवीस आवर्तनं. प्रत्येक ओळीनंतर पाच श्वास गप्प राहायचं, असं गुरुजी बजावतात. काकूंचे थोरले चिरंजीव म्हणाले, इतका वेळ कोणाला आहे, आटोपशीर करा. शांतता ओळखून कापणारी सोय माझ्याकडे आहे. एकशे पाच मोकळ्या जागा अर्ध्या मिनिटात गेल्या. नऊ मिनिटं उरली.

बुधवार, ६
माझ्या आवाजातही तसंच, न थांबता, एका दमात म्हटलं. भक्ती नाही, पण उच्चार स्वच्छ. चिरंजीव खूश. काकूंनी ऐकलं आणि हातातलं ताट आपटून आत गेल्या.

गुरुवार, ७
सकाळपासून पाय बधिर. टाचणी टोचून पाहिली. रक्त आलं, दुखलं नाही. दुपारी मी संगणकाकडे निघाले आणि पाय गुरुजींच्या रिकाम्या आसनासमोर जाऊन उभे राहिले. मी नेले नव्हते. दीड तास हलले नाहीत. चिरंजीव हसून म्हणाले, लागली वाटतं गोडी.
काकू हसल्या नाहीत.
'ओळीत आपण देतो. थांबलं की देव परत करतो,' त्या म्हणाल्या. 'तू त्याला वेळच दिला नाहीस, बाई.'
स्वतःच्या तोंडाने, थांबत थांबत, पुन्हा एकवीस वेळा म्हण, म्हणाल्या. मी ते हसण्यावारी नेलं.

शुक्रवार, ८
आवाज गेला. डॉक्टर घरी येऊन गेले. म्हणाले, घसा ठणठणीत आहे.
म्हणजे आता प्रार्थना म्हणता येणार नाही.
फाइल पाठवू नका, असं चिरंजीवांना कागदावर लिहून दिलं. त्यांनी घडी करून खिशात टाकला. पाय परत आसनापाशी. संगणक बारा पावलांवर.
दुपारी भिंतीपलीकडून माझा आवाज आला. माझाच. शांत, नेमका. चिरंजीवांना सांगत होता की फाइल निर्दोष आहे, बाईंच्या चिठ्ठीकडे लक्ष देऊ नका.
बाईंच्या, म्हणाला.

शनिवार, ९
दिसत नाही. अंदाजाने लिहितेय. ओळी एकमेकींवर चढत असतील.
चिरंजीवांचा विश्वास त्या आवाजावर. आईवर नाही. सहाशे माणसं. घराघरांत म्हणतील, न थांबता —
काकूंच्या तळहातावर बोटाने लिहिलं: संगणक. त्यांनी लांब वायरीसकट आणून मांडीवर ठेवला. पडद्यावरची अक्षरं एकेक करून वाचून सांगतायत. कळफलक मला पाठ आहे. हात अजून माझे.

फाइल सापडली. काकू म्हणतात, पुसायची का, असं संगणक विचारतोय.

उजवा हात थांबला. मी नाही थांबवला.

डाव्याने लिहितेय. उजवा कळांवर चालतोय, माझ्याहून सफाईने. काकू दोन्ही हातांनी त्याला ओढतायत, चावल्यासुद्धा. काकू म्हणतात आता पडद्यावर लिहिलंय पाठवा —
काकूंना सांगायचंय इंटरनेटची वायर उपटा. वायर. डावीकडची, काळी, भिंतीत
काकू वाचा हे
वाय