तुडुम बंद झाल्यावर

मंगळवार संध्याकाळ, नवेगाव बांध

झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, पण उठत नाही. मीच लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारा प्रोग्राम, झोपताना कार्डाची स्थिती जपायला मेमरी मागतो. ती भरलेली, म्हणून सिस्टिम जुनं सामान डिस्कवर हलवायला जाते. डिस्क आधीच झोपलेली. सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात.

दुपारी बदल केला: वाट पाहायची नाही, मेमरी नाही मिळाली तर परत फिरायचं. झाकण लावलं, उघडलं, लॅपटॉप उठला. खूश झाले. मग खटकत राहिलं.

दादा शेतावरून आला. "काऊन चिडून राहिली?"

म्हटलं, तलावाचं तुडुम, पाणी सोडायचं दार, बंद झालं आणि मी आता बांधीतल्या धानासाठी पाणी मागते. नाही मिळालं तर गुपचूप परत येते.

"अन् मंग धानाचा रोवणा कशात करशीन?" म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

तेच खटकत होतं. लॅपटॉप उठेल, कार्ड सगळं विसरलेलं असेल. ही कसली दुरुस्ती?

दुपारचा बदल पुसला. आता ड्रायव्हर सुरू होतानाच मेमरीत जागा घेतो, आणि सगळे जागे होईपर्यंत सोडत नाही.

झाकण लावते आहे. लॅपटॉप उठला आणि कार्डाला सगळं आठवलं, तर उद्या दादाला एवढंच सांगायचं आहे, रोवणा झाला.