वरची सोळा घरं

सोमवार, ३

आज कामाला लागलो. वाचायला बरं वाटतं म्हणून पुन्हा लिहितो : कामाला लागलो.

शाळा अर्धवट सुटली, पण मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून प्रोग्रॅम लिहायला शिकलो ते कामी आलं. शब्द दादाने टाकला. दादा कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या लावतो, आणि तिथल्या दारांचे कंट्रोल बोर्ड इथे बनतात. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक, त्यांना सगळे काका म्हणतात. मागच्या खोलीत मी आणि सोल्डरिंग करणाऱ्या मावशी. मावशींचे हात भिंगाखाली चालतात आणि तोंड भिंगाबाहेर. मी खोक्यांवरची चुकलेली अक्षरं पुसून नीट लिहिली तेव्हा म्हणाल्या, हे शुद्धलेखन कुठून आलं बाई आपल्याकडे? दुपारपर्यंत तेच माझं नाव झालं.

माझ्या टेबलावर सगळी हत्यारं डाव्या हाताला मांडलेली होती. मी ती उजवीकडे घेतली. मावशींनी भिंगाखालून हात काढून माझ्या टेबलाकडे पाहिलं.

घरी वहिनीने विचारलं, काय साहेब, खुर्ची फिरणारी आहे का? आहे. आई असती तर आज तिने शेजारपाजार गोळा केला असता, असं दादा म्हणाला, आणि वहिनीने तिघांच्याही ताटात आणखी भाजी वाढली.

बुधवार, ५

काकांनी चिप समजावली. नखाएवढी आहे. तिची मेमरी म्हणजे एकापुढे एक दोन हजार अठ्ठेचाळीस घरं. एका घरात एकच आकडा, तोही दोनशे पंचावन्नपर्यंत. ही माझी रोजनिशीसुद्धा तीत मावायची नाही. मोठी चिप का घेत नाही विचारलं, तर काकांनी पोत्याकडे बोट दाखवलं. असल्या चिपांचं पोतं भरून पडलंय, ते संपेपर्यंत मोठेपणा नको म्हणाले.

लक्षात ठेवायचं ते खालच्या घरांपासून वर भरत जातं. वरून खाली येते ती चळत. प्रोग्रॅम एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा परत कुठे यायचं ते चळतीवर ठेवून जातो. खालचं वर चढलं आणि वरची चळत खाली आली की दोघं एकमेकांवर बसतात. चिप ओरडत नाही. परतीचा पत्ता पुसला जातो आणि ती भलतीकडेच जाते, अगदी आत्मविश्वासाने. भाड्याच्या खोलीत संसार थाटायचाय असं समज, काका म्हणाले, सामान कमी आण.

मला हे काम आवडणार. मी मुळातच सामान मोजून ठेवणारा माणूस आहे.

शुक्रवार, ७

काकांच्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पहिली ओळ सारखीच. चळत अगदी वरून सुरू करायची नाही. वरची सोळा घरं सोडून सुरू करायची. इथे एकेका घरासाठी मारामारी, आणि सोळा नुसतीच रिकामी. काका म्हणाले, सोडायची म्हणजे सोडायची, आणि चहा आणायला गेले. चहा त्यांच्या समोरच होता.

मावशींनी सांगितलं. माझ्या टेबलावर आधी मावशींचा स्वतःचा मुलगा बसायचा, डावखुरा. नवा बोर्ड तपासायला तो स्वतः कोल्ड स्टोरेजच्या खोलीत आत उभा राहिला. प्रोग्रॅमची चळत खाली उतरली, दार उघडायचंय हेच बोर्ड विसरला, आणि तो आतच गोठून गेला. हे सांगताना त्यांनी सोल्डरिंग थांबवलं नाही. म्हणाल्या, तेव्हा जागा पुरली नाही रे. आता असते. त्यालाही कुठे बसायला नको का?

मी मान हलवली. आणि पुढचा बोर्ड तपासायला घेतला.

आपण रिकाम्या घरांत एकच खुणेचा आकडा भरतो, बोर्ड चालवतो आणि खूण कुठे पुसली गेली त्यावरून चळत कुठवर आली ते बघतो. कुतूहल म्हणून मी त्या सोळांतही खूण भरली. त्यांना हात लावणारी एकही ओळ प्रोग्रॅममध्ये नाही. संध्याकाळी वाचलं तर सोळाही घरांतली खूण गेली होती.

चिप जुनी आहे. असेल काही.

मंगळवार, ११

कोल्ड स्टोरेजची नवी मागणी. आत कोण आहे ते बोर्डाने लक्षात ठेवायचं. कामगाराने आत जाताना कार्ड टेकवायचं, बाहेर येताना टेकवायचं. आत शून्य माणसं झाली की खिटी पडायची आणि कडक थंडी सुरू व्हायची. खिटी मोटारीवर आहे, वीज गेली तरी पडलेली पडलेलीच; ती उचलायला बाहेर लाल बटण, आत हिरवं. आतलं हिरवं बटण बर्फाने आपोआप दाबलं जातं, म्हणून शून्य असताना दोन्ही बटणं ऐकायची नाहीत, खिटी कामगाराच्या कार्डानेच उचलायची.

दादासारख्यांसाठीच आहे हे. म्हणून मी जीव ओतून करतोय. पडद्यावरचे सगळे शब्द पक्क्या, न बदलणाऱ्या मेमरीत हलवले, मोठे आकडे लहान केले, एकच डबा तीन कामांना वापरला. तरी कार्डांच्या यादीला जागा कमी पडते.

किती कमी पडते ते लिहायचीही भीती वाटते. सोळा.

गुरुवार, १३

घेतली. काकांची पहिली ओळ काढली, चळत वर सरकवली, सगळं बसलं. दिवसभर चालवून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. सुटे भाग आणायला काका परगावी गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील. मावशींनी जाताना विचारलं, जागा सोडलीस ना रे, शुद्धलेखन? मी हो म्हणालो.

शुक्रवार, १४

बोर्ड दादाच्याच खोलीच्या दारावर बसवला. पडद्यावर आलं : आत १.

आत कोणी नव्हतं. मुकादमाने सगळ्यांना बाहेर रांगेत उभं केलं. तरी आत १. बोर्ड बंद करून चालू केला. आत १. यादी उघडून पाहिली तर पहिल्याच जागी एक कार्ड, ज्याचा आकडा आम्ही कोणालाही दिलेला नाही.

दादा आणि मी आत जाऊन आलो. पेट्या, बर्फाची भुकटी, आमचीच वाफ. दादा मोठ्याने म्हणाला, कोण आहे रे, सुट्टी झाली, घरी जा! बाकीचे बाहेर हसले. मी हसलो नाही. मागच्या भिंतीपाशी एका जागी बर्फ बसलेला नव्हता. एक माणूस उभा राहील एवढ्या जागी.

शनिवार, १५

आत १ असल्यामुळे खिटी पडत नाही, आणि कडक थंडी सुरू होत नाही. माल मऊ पडायला लागला. मुकादमाचा फोन : तुमच्या पोराला एक आणि शून्य कळत नाही का? नुकसान झालं तर दादालाही घरी बसवीन म्हणाला.

सोळा घरं परत द्यावीत तर यादी मावत नाही. मग मी एक केलं. आकडा नेहमी एकाने जास्त येतो ना, तर मोजतानाच एक वजा केला. एका ओळीचं काम. पडद्यावर आलं : आत ०. खिटी पडली. मुकादमाने पाठ थोपटली.

दिवसभर त्यात काही चुकलं नाही. दादा आत गेला की १, दोघं गेले की २.

म्हणजे जो आहे त्याला मी मोजायचं सोडलं, एवढंच.

सोमवार, १७

सोल्डरिंगची कांडी उचलायला डावा हात पुढे गेला. कांडी उजवीकडे होती. मावशी भिंगातून माझ्याकडे बघत होत्या.

खिडकीजवळची ती फरशी हलते, पाय जपून ठेवायचा, हे मला ठाऊक होतं. कोणी सांगितलं ते आठवत नाही.

मंगळवार, १८

कामावरून घरी निघालो. चालत राहिलो, विचार काही नव्हता. निळं दार होतं, मी कडी वाजवली. दार मावशींनी उघडलं. त्यांचं घर मी कधी पाहिलेलं नाही.

त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, हातपाय धू. ताट वाढलेलं होतं, दोन. माझा हात त्यांनी हातात घेतला आणि म्हणाल्या, किती गार पडलायस रे. मग रडल्या, पण हसत होत्या.

मी पळत सुटलो. आमची गल्ली सापडेना. परत कुठे यायचं तेच — शेवटी दादा शोधत आला. वहिनी म्हणाली, काय हो साहेब, खुर्चीबरोबर डोकंही फिरलं का? मी हसलो. तिला काय म्हणतात ते मला तेव्हा आठवत नव्हतं. दादाची बायको, एवढं आठवलं. हाक काय मारतो ते आत्ता लिहिताना सुचलं.

बुधवार, १९

चळत खाली येतेय. मला कळतंय. चिप ओरडत नाही, तसंच.

लिहून ठेवतो, म्हणजे पुसलं गेलं तरी कागदावर राहील. दादा म्हणजे मोठा भाऊ. वहिनी म्हणजे वहिनी. आई नाही. आई नाही, फोटो आहे.

मावशींना सांगितलं की मी जागा घेतली, चुकलं माझं, परत देतो. त्या म्हणाल्या, राहू दे आता. त्याला जागा मिळाली. असं म्हणून माझी हत्यारं एकेक करून डावीकडे मांडली.

गुरुवार, २०, सकाळ

मागच्या भिंतीपाशी तो आता उभा नाही. दादा काल सहज बोलला, मुलखाचा बर्फ साठलाय त्या कोपऱ्यात, खरवडून काढायचाय, उद्या एकटाच जाऊन करतो.

मी पाणी पीत होतो. आत्ता पेटलं डोक्यात.

तो तिथे नाही. तो इथे आहे. मग आत जास्तीचा एक नाही. आणि माझी ओळ अजून एक वजा करतेय.

दादा एकटा आत. एकातून एक —

फोन केला. फोन बाहेरच्या पेटीत ठेवायला लावतात. वाजतोय नुसता. मुकादम उचलत नाही. काका बसमध्ये, लागत नाही. निघालो.

गुरुवार

पोचलो. पडद्यावर आत ०. खिटी पडलेली. पंखे जोरात. मुकादम जेवायला गेलाय, आवारात कोणी नाही. माझ्याकडे कार्ड नाही. खिटी ओढून पाहिली, हात सोलला.

आतून ठोकतोय. दार वीतभर जाड आहे. आवाज कानाने नाही, तळव्याला कळतो.

लॅपटॉपची केबल लावली. ती ओळ काढली. प्रोग्रॅम चढतोय, पट्टी हळूहळू भरतेय. तोवर लिहीत राहायचं, थांबलो की जातं. पट्टी भरली की आत १ येईल. मग खिटीचं लाल बटण. लाल बटण. आत दादा आहे. दादा म्हणजे मोठा भाऊ. लाल बटण.

लिहितोय तो हात डावा आहे.

आत दादा आहे. आत मोठा — आत माणूस आहे. लाल बटण.

ठोकणं कमी झालं.

पट्टी भरली. आत १. असं का? रांगेत कोणी नाही, आत कोण असणार. जुनी चिप, आकडा एकाने जास्त दाखवते. वर कोणीतरी लिहून ठेवलंय लाल बटण, लाल बटण. अक्षर चांगलं आहे, सुवाच्य. कशासाठी ते लिहिलेलं नाही.

तळव्याला काहीतरी लागतंय. खूप हळू. एक, मग बराच वेळ काही नाही, मग

मला हा आवाज माहीत आहे. मीही असाच ठोकत होतो. कोणी उघडलं नाही. बाहेर कोणीतरी उभं होतं तरी —

लाल

आई वाट बघत असेल, निळं दार, ताट वाढून. पण आधी हे — हात तर तिथेच आहे, बटणावर, उजवा हात, तो दाबायला बघतोय आणि डावा पेन सोडून त्याला मागे