संपूर्ण क्यू, अर्थासकट

२ सप्टेंबर, सोमवार

बायकोने अर्ज मेव्हण्याकडून तपासून घेतला. नवरा घरात धडधाकट असताना! ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते. दुसऱ्या शहरात नवं ट्रेनिंग सेंटर निघालंय, तिथे शिकवायची जागा आहे. मुलाखत इंग्रजीतून. मला का नाही दाखवलास, विचारलं. म्हणाली, तू चुका कमी काढतोस आणि लाज जास्त काढतोस. हे वाक्य मेव्हण्याचं. तिला एवढं सुचत नाही.

मेव्हणा टाइल्स विकतो. फाडफाड इंग्रजी बोलतो, म्हणून मी त्याला फाडफाड म्हणतो. मनातल्या मनात.

संकल्प: इंग्रजीचा असा अभ्यास करणार की एका शब्दात तिची बोलती बंद. ती कुठेही जात नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

डिक्शनरी काढली. ए पासून सुरुवात करतात ते मूर्ख. बी येईपर्यंत आटोपतात. मी डोकं चालवलं आणि कमी शब्दांचं, बारीक अक्षर शोधलं: क्यू. एक्स याहून बारीक आहे, पण त्यात एक्स-रे येतो, ते तिचं खातं. शिवाय क्यूच्या मागे यू चिकटलेलाच. म्हणजे अर्धं स्पेलिंग फुकट.

क्विबल: फालतू मुद्द्यावरून हुज्जत घालणे. क्वेरुलस: सतत कुरकुर करणारा. दोन्ही बायकोला तंतोतंत लागू. आज चहात साखर कमी होती, टॉवेल ओला होता, पंख्यावर धूळ होती, एवढंच मी जेवताना सांगितलं. लगेच तोंड वाकडं.

५ सप्टेंबर, गुरुवार. ऑफिसात

लिफ्ट कंपनीत तक्रारींचा फोन मी घेतो. आज एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकून किंचाळत होती. म्हटलं, मॅडम, डोन्ट क्विबल. चक्क गप्प झाली. याला म्हणतात शब्दाचं वजन.

दुपारी. साहेबांनी आत बोलावलं. बाईने माझा फोन कापून थेट मालकांना लावला होता म्हणे. साहेब पण क्वेरुलस.

८ सप्टेंबर, रविवार

फाडफाड आला. माझ्या खुर्चीत बसून तिच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेत होता. मी दारातूनच सांगितलं, आय विल क्वॅश धिस. क्वॅश म्हणजे रद्दबातल ठरवणे, कोर्टात वापरतात. त्याने विचारलं, काय क्वॅश करताय, भाऊजी? मी म्हणालो, सगळंच. तो हसला. बायको हसली. आई पण हसली, आणि तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही. वर त्याला दुसरा चहा दिला. मला विचारलं सुद्धा नाही. घरात फितुरी झालेली आहे.

११ सप्टेंबर, बुधवार

विजय! सकाळी ती आरशापुढे इंग्रजी उत्तरं घोकत होती. मी मागे उभा राहून म्हणालो, ही हौस मी क्वेल करणार. क्वेल: मोडून काढणे, उदाहरणार्थ बंड. ती एक अक्षर बोलली नाही. साफ निरुत्तर. डबा भरून निघून गेली.

माझा डबा राहिला. धांदलीत विसरली असणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

क्वायसंट: शांत, निश्चल. घर सध्या असं आहे. पूर्वी मी एक बोललो की ती चार सुनवायची. आता नुसतं हं, कधी तेही नाही. इतक्या दिवसांत मी एकही भांडण हरलेलो नाही. आई म्हणाली, अरे, ती भांडत होती तोवर बरं होतं रे. आईला यातलं काय कळतं?

क्वाम: मनाला लागलेली टोचणी. पाठ केला. वापरायची वेळ येणार नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

तिची निवड झाली. मुलाखतीत इंग्रजी अडलं, तेव्हा सरळ सांगितलं म्हणे की शब्द आठवत नाही, आणि पेशंटला श्वास कसा धरायला लावायचा ते करूनच दाखवलं. हातवारे! असल्यांना नोकऱ्या देतात. फाडफाडने केक आणला. मी खाल्ला नाही. मग एक तुकडा खाल्ला, वाया गेला असता.

काळजीचं कारण नाही. एकटी राहिलीय कुठे ती कधी? ऐन वेळी कच खाईल.

१ ऑक्टोबर, मंगळवार

बॅग भरायला घेतली. मी दारात उभा राहून होते नव्हते ते सगळे शब्द काढले. हा हट्ट म्हणजे क्वॅगमायर आहे, दलदल, रुतशील. तुझ्या भावाचं इंग्रजी म्हणजे क्वॅक, वैदूचा धंदा. ती साड्या घड्या करून ठेवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, एकदा तरी मराठीत सांग, तुला काय हवंय.

हा प्रश्न तयारीच्या बाहेरचा. म्हणालो, विचार करून सांगतो.

क्वांडरी: काय करावं ते न सुचणे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

गेली. कच वगैरे खाल्ली नाही.

आईही तिच्याबरोबर गेली. माझी आई! इथले चार जिने गुडघ्यांना झेपत नाहीत, तिकडच्या इमारतीत लिफ्ट आहे म्हणाली. लिफ्ट हा शब्द मुद्दाम दोनदा म्हणाली. बॅगा उतरवायला फाडफाड आला होता. जाताना म्हणाला, भाऊजी, जेवायला येत जा आमच्याकडे. कोण जातोय त्याच्याकडे!

६ ऑक्टोबर, रविवार

क्यू संपूर्ण झाला. अर्थासकट. सकाळी स्वयंपाकघरात उभा राहून सगळा मोठ्याने म्हणून दाखवला. कुठेही अडलो नाही. एकही चूक झाली नाही.

संध्याकाळी तिला फोन केला. काय सांगायचं ते ठरवलं होतं, साध्या मराठीत, एकच वाक्य. तिने लगेच उचलला. मागे आई कुणाशी तरी गप्पा मारत होती. मी विचारलं, चहाची पावडर कुठे असते? ती म्हणाली, ओट्याच्या वरचं कपाट, निळं झाकण, लग्न झाल्यापासून तिथेच आहे. मग फोन ठेवेल असं वाटलं. ठेवला नाही. तिनेच विचारलं, आणखी काही?

नाही म्हणालो.