खंडेनवमीचं तेल

॥ श्री ॥

कोपरगाव, मळ्यातून
दि. १२ ऑक्टोबर १९७०

ती. रंगनाथदादास,
पुष्पाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पहिलंच बाळंतपण म्हणून सासूबाईंनी मला काष्टीहून लवकर माहेरी पाठवलं. घरी आप्पा, मी आणि भीमा गडी, एवढेच. आप्पांची तब्येत बरी आहे, पण आई गेल्यापासून बोलणं फार कमी झालंय.

पत्राचं कारण असं, की आपला फोनो बिघडला. खंडेनवमीला आप्पांनी नांगर, विळे, कुऱ्हाडी सगळं पुजलं आणि आई करायची तसं फोनोलाही हळदकुंकू वाहिलं. मग तिची आवडती गवळणीची तबकडी लावली. तर गवळण म्हणणारी बाई इतकी घोगरी आणि रेंगाळत गायला लागली, की भीमाच गातोय असं वाटावं. मी खो खो हसले. आप्पा हसले नाहीत. तबकडी काढून ठेवली आणि उठून उसाकडे गेले. रात्री जेवलेही नाहीत. आई त्या गवळणीबरोबर गुणगुणायची, ते त्यांना आठवत असणार. मलाही आठवतं रे.

गावातल्या कुणाला ते फोनोला हात लावू देत नाहीत. मला लावू देतील. तुझं नाव अजून घरात निघत नाही. ऊस सोडून तू पुण्याला कारागिरी करायला निघालास, तेव्हा ‘त्या हत्यारांच्या पिशवीसकट या दारात पुन्हा येऊ नको’ असं ते म्हणाले, ते तसंच धरून बसलेत. आईच्या दहाव्याला तू पिशवी न घेता आलास, तरी बोलले नाहीत. म्हणून मी त्यांना थाप मारली, की काष्टीला एक ओळखीचा मिस्तरी आहे, त्याला पत्र घालून विचारते. तेव्हा मिस्तरीबुवा, उपाय कळवा.

फोनो नीट व्हावा असं वाटतं, पण त्याहून जास्त तू या दिवाळीला आपल्या ओसरीवर बसलेला दिसावास असं वाटतं. ते कसं जमायचं ते मात्र मला कळत नाही.

माया आहे तशीच ठेव.
तुझी पुष्पा

॥ श्री ॥

पुणे
दि. १५ ऑक्टोबर १९७०

चि. सौ. पुष्पास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र काष्टीच्या मिस्तऱ्याला पावलं. सातव्या महिन्यात यंत्र उघडणारी बाई त्याने आजवर पाहिलेली नाही, असं तो म्हणतो. जड काही उचलू नको, भीमाला सांग.

आता नीट बघून कळव. गाणं सुरुवातीलाच हळू असतं, की आधी बरं चालून मग मंदावतं? मंदावत असेल तर स्प्रिंग थकली. सुरुवातीपासूनच हळू असेल तर आत काहीतरी अडतंय. तबकडी न ठेवता नुसती थाळी फिरवून पाहा. आत तेल कधी घातलं आणि कोणतं, तेही विचार.

आणि सगळ्यांत आधी थाळीच्या कडेची वेगाची कळ बघ. आठवतं का, आप्पा मुद्दाम ती कळ मागे ओढायचे? गवळण रडायला लागली की आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन चुलीपुढून धावत यायची, आणि आप्पा छताकडे बघत ‘कळ मी हलवली न्हाई’ म्हणून सांगायचे. आईला सगळं ठाऊक असायचं. तरी दर खेपेला यायची. आप्पा तेव्हा किती हसायचे गं. मी इथे दिवसभर लोकांचे फोनो आणि रेडिओ उघडतो, आणि कुठलीही थाळी हळू फिरली की मला पिठाचा वास येतो.

घरी येण्याचं म्हणशील तर पिशवी टाकून मी एकदा आलो. पुन्हा तसा येणार नाही. ती माझी भाकरी आहे, तिची लाज धरून बापाच्या दारात कसा उभा राहू? हा राग समजू नको, वाईट वाटतं एवढंच.

जपून राहा, उत्तर लवकर घाल.
तुझा दादा

॥ श्री ॥

कोपरगाव
दि. १८ ऑक्टोबर १९७०

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

कळ जागच्या जागी आहे. थाळी रिकामी असली तरी हळूच फिरते, आणि अगदी सुरुवातीपासून. म्हणजे तुझ्या म्हणण्याप्रमाणे आत काहीतरी अडतंय.

तेलाचं विचारलंस. आप्पांनी अगदी अभिमानाने सांगितलं, की दर खंडेनवमीला थाळी उचलून आत तेल सोडलं जातं, एक साल चुकलेलं नाही. कोणतं म्हणून विचारलं, तर म्हणाले, घरच्या करडीचं, घाण्यावरचं. आई विळ्याला, कुऱ्हाडीला, जात्याच्या खुंट्याला ज्या वाटीतलं बोट लावायची, त्याच वाटीतलं फोनोलाही लावायची. तिच्यामागे आप्पा घालतात. ती बोटभर घालायची, हे पळीने घालतात. तिचं काही राहून जाऊ नये म्हणून, असं म्हणाले.

मिस्तरी पुण्याकडचा आहे का, असं त्यांनी काल मधेच विचारलं. मी म्हटलं, काष्टीचा. ते बरं म्हणाले आणि सुपारी कातरत बसले.

आठवण ठेवणारी,
पुष्पा

॥ श्री ॥

पुणे
दि. २१ ऑक्टोबर १९७०

चि. सौ. पुष्पास,
आशीर्वाद वि. वि.

रोग सापडला. करडीचं तेल खायला चांगलं, पण हवेवर राहिलं की सुकून चिकट होतं आणि डिंकासारखं धरून बसतं. इतक्या वर्षांचं तेल आत साचलं असणार. किल्ली देऊ नको. थाळी थांबेपर्यंत फिरू दे, म्हणजे स्प्रिंग सैल पडेल. मग भीमाकडून थाळी आणि खालची फळी उचलून घे. स्प्रिंगचा डबा अजिबात उघडायचा नाही. बाजूला तीन बारीक वजनं गरगर फिरतात, तिथे आणि दातेरी चाकांवर रॉकेलचं फडकं फिरव. काळं निघायचं थांबलं की शिवणयंत्राचं तेल थेंबभरच सोड.

एवढं कर, बिघाड त्या तेलाने झाला असं आप्पांना सांगू नको. धूळ बसली होती म्हण. आईच्या हातचं होतं ते.

स्वतःला सांभाळ.
दादा

॥ श्री ॥

कोपरगाव
दि. २५ ऑक्टोबर १९७०

ती. दादास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सांगितलंस तसंच केलं. फडकं काळंकुट्ट निघालं. पुसताना आईचा हातच पुसून टाकतेय असं वाटलं आणि मला रडू आलं. मग शिवणयंत्राचं तेल सोडलं, किल्ली दिली आणि गवळण लावली. दादा, जशीच्या तशी. आप्पा ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. संपली तेव्हा पुन्हा लाव म्हणाले. त्या दिवशी दोन्ही वेळा पोटभर जेवले.

पण पुढचं ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी गवळण पुन्हा रडायला लागली. मी घाबरून पाहिलं तर कळ मागे ओढलेली. सरळ केली. आज पाहिलं, पुन्हा मागे. भीमा थाळी उचलण्यापुरता आला तेवढाच, एरवी फोनोच्या वाऱ्याला उभा राहत नाही, आणि घरात तिसरं माणूस मीच. आप्पांना विचारलं तर छताकडे बघत म्हणाले, काष्टीच्या मिस्तऱ्याचं काम कच्चं दिसतंय. आई पिठाच्या हातांनी धावत यायची ते मला आठवलं, आणि या खेपेला कुणी धावत यावं असं त्यांना वाटतंय ते कळलं. मी कळ तशीच राहू दिली. त्यांनी माझ्याकडून तुझा पत्ता मागून घेतला. म्हणजे मिस्तरी तूच, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

वाट बघणारी,
पुष्पा

॥ श्री ॥

कोपरगाव
ता. २६

चि. रंगनाथ यास,
आप्पाचा आशीर्वाद.

पत्र लिवायचं कारन, फोनो पुन्ना हळू चालतो. पुष्पानं लई खटपट केली. पोटुशी पोर वाकून काम करती ते मला बघवत न्हाई. मिस्तरी सांगतो ते बरूबर हाय, पन पत्रानं व्हनारं हे काम न्हाई.

पुष्पानं फडकं लपवलं हुतं. मी वास घेतला. करडीचा हुता. तुझ्या आईनं घातलं, तिच्यामागं मी घातलं. चांगल्यासाठीच घातलं आनि त्यानंच यंत्र अडलं. तुझ्या बाबतीत बी माझ्याकडनं तसंच झालं. उसात राह्यलास तर सुखी व्हशील असं मला वाटलं हुतं. आता घर लई शांत हाय.

दिवाळीला ये. येताना हत्याराची पिशवी आन. पिशवीबिगर आलास तर दारातनं परत पाठवीन.

तुजा
आप्पा

ता. क. कळ मी हलवली न्हाई.